सातव्या महिन्यानंतरची कंबरदुखी आणि अर्धं मांजरासन

गरोदरपणात सातव्या महिन्यानंतर कंबर धरली की जो तो पडून राहायला सांगतो. घटकाभर आडवं होणं ठीक, पण दिवसभर पडून राहिलं तर कंबर उलट आखडते.

पोट पुढे येतं तसा भार पुढे सरकतो. तोल सांभाळायला बाई नकळत मागे रेलते आणि कमरेचा खळगा वाढतो. पोटाचे स्नायू ताणलेले, संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल झालेले, त्यामुळे सगळं ओझं कमरेवर येतं. व्यायामाने तो खळगा कमी करायचा.

त्यासाठी आमच्या मते सगळ्यात गुणकारी मांजरासन, पण अर्धंच. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर घेऊन हात-गुडघ्यांवर ओणवं व्हा. हात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघ्यांत कमरेइतकं अंतर. श्वास सोडत पाठ वर गोल करा, माकडहाड आत वळवा, ३-४ सेकंद थांबा. श्वास घेत पाठ सपाट करा आणि तिथेच थांबा. एरवी यापुढे पोट खाली सोडून मान वर करतात. ते आता नको. पोटाच्या वजनाने कंबर खाली ओढली जाते आणि दुखतो तोच खळगा आणखी खोल होतो. सकाळ-संध्याकाळ ८ ते १० वेळा पुरे. मनगटं दुखत असतील तर मुठी टेकवा.

गुडघे टेकवत नसतील तर भिंत आहेच. पाठ भिंतीला टेकलेली, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, एक हात कमरेमागे. श्वास सोडत कंबर मागे दाबा, हातावर दाब जाणवला पाहिजे. ५ सेकंदांनी सोडा. श्वास रोखून जोर लावू नका. हाच व्यायाम उताणं झोपून करू नका: गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडून चक्कर येऊ शकते.

वार (प्लॅसेंटा) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कळा ठरावीक अंतराने येत असतील, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, पाय बधिर होत असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

रात्री कुशीवर झोपताना उशी गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत पुरेल अशी लांब हवी. नुसती गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळली जाते. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटलेले ठेवा. जिना चढताना किंवा कूस बदलताना दोन्ही जांघांच्या मधल्या हाडात कळ येत असेल, तर एका पायावर उभं राहणं टाळा, सलवार बसून घाला आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. अशा वेळी पाय फाकवून ताण देण्याचे व्यायाम दुखणं वाढवतात.