तुम्ही विचारलंत म्हणून : गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला कसे शिकावे?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील नोकरी संपवून पुण्यात परत आल्यापासून मला एक प्रश्न सातत्याने विचारला जातो. खडकवासला आणि पानशेतच्या काठावर गळ टाकून बसणारे मित्र तो कुतूहलाने विचारतात, आणि शिक्षणासाठी अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड भागात निघालेली आमच्या कोथरूडमधली मुले जाण्यापूर्वी भेटायला येतात, तेव्हा थोड्या काळजीने विचारतात : गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायला तुम्ही कसे शिकलात, आणि तासन् तास तसे बसून राहण्याइतका धीर कुठून आणलात? या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात दडलेली समजूत नवशिक्याचे नुकसान करते. धीर लागतो हे खरे आहे, पण तो बर्फासाठी लागतो. बर्फ पुरेसा जाड होईपर्यंत कितीही आठवडे थांबावे लागले तरी थांबावे, आणि एकदा त्यावर गेल्यानंतर मात्र मासा नसलेल्या भोकापाशी फार वेळ थांबू नये. एवढे अंगवळणी पडायला मला अनेक हिवाळे लागले.

पुण्याच्या नोंदींतले सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे, आणि तेही १९३५ सालच्या जानेवारीतले. आपल्या धरणांचे पाणी कधी गोठत नाही, त्यामुळे पायाखालचा बर्फ ओळखण्याचे जे ज्ञान तिकडच्या मुलांना वडीलधाऱ्यांबरोबर हिंडताना आपोआप मिळते, ते आपल्याला मुद्दाम मिळवावे लागते. मला ते शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी दिले. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत, आणि त्यांतल्या आमच्या जवळच्या दोन-तीन तळ्यांवर या गृहस्थांचे सबंध आयुष्य गेले होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या हातात रॉड दिलाच नाही, पहार दिली. काठापासून निघताना दर काही पावलांवर पुढच्या बर्फावर पहारेचा जोरदार घाव घालायचा, आवाज आणि हाताला बसणारा हिसका या दोन्हींकडे लक्ष द्यायचे, आणि एक-दोन घावांतच पहार आरपार गेली तर कोणतीही चर्चा न करता आल्या पावली मागे फिरायचे, असा त्यांचा दंडक होता. बर्फ टणक लागला तरी ते मधूनमधून गिरमिटाने भोक पाडून, त्याच्या खालच्या कडेला पट्टीचा आकडा अडकवून जाडी मोजत असत, कारण काठाजवळची जाडी तळ्याच्या मध्यावर लागू होत नाही.

स्वच्छ, काळसर किंवा निळसर दिसणारा नवा बर्फ चार इंच जाड असेल तर त्यावर एका माणसाने पायी जाण्यास हरकत नाही, असे तिथे सर्वसाधारणपणे मानले जाते. बर्फावर पडलेला हिमवर्षाव भिजून पुन्हा गोठल्याने जो पांढरा, दुधाळ थर तयार होतो, त्याची ताकद साधारण निम्मी असते, म्हणून तिथे दुप्पट जाडी हवी. मोटारी तळ्यावर उभ्या असल्याची छायाचित्रे पाहून मुले चकित होतात. त्यासाठी बर्फ याहून कितीतरी जाड लागतो, आणि मोठ्या गाडीसाठी तर फूटभराहूनही अधिक. हे आकडे पाठ केले म्हणून काम भागत नाही. जिथे ओढा तळ्याला मिळतो, जिथे तळाशी झरा असतो, जिथे दोन तळ्यांमधला चिंचोळा भाग किंवा पूल असतो, तिथे पाणी हलते राहते आणि शंभर पावलांवर भक्कम असलेला बर्फ तिथे दोन इंचही नसू शकतो. वर साचलेले हिम थंडीला अडवते, त्यामुळे जाड हिमाखालचा बर्फ हळू वाढतो, आणि धोका असलेली जागा त्याच हिमाने झाकलीही जाते. मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग दर वर्षी लोकांना बजावतो की शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा कुठेच नसतो. ज्याला मासेमारी शिकायची आहे त्याने हे वाक्य सर्वांत आधी मनावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्याच्या पाऊलखुणा ही जाडीची खात्री नव्हे, हे त्या गृहस्थांनी मला पुन्हा पुन्हा सांगितले. हंगामाच्या सुरुवातीला तळ्यावर पाच-सहा माणसे बसलेली दिसत असूनही ते काठावर उभे राहून पाहत, दोन ठिकाणी पहार मारत आणि घरी परतत, आणि त्या परतण्यात त्यांना यत्किंचितही हळहळ वाटत नसे. थंड रात्रीनंतर तळे गडगडल्यासारखे आवाज करते, लांबवर तडा जात असल्याचे ऐकू येते, आणि नवखा माणूस घाबरतो. तापमान बदलल्याने बर्फ आकुंचन-प्रसरण पावतो, त्याचे ते आवाज असतात. जाड, भक्कम बर्फही असा आवाज करतो. परंतु आवाज आला म्हणून पळू नये तसे आवाज नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. मोजमापाला पर्याय नाही.

पाण्यात पडलोच तर काय, हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांच्या आया अधिक विचारतात आणि त्यांचे बरोबर आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाच्या शरीराचे काय होते याचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि लक्षात ठेवायला सोपे असे सूत्र दिले : श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय उपयोगी हालचाल करू शकतील अशी दहा मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे पहिल्या मिनिटात धडपड न करता श्वास सावरायचा असतो. मग ज्या दिशेने आलो त्याच दिशेला वळायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपला भार पेललेला असतो. गळ्यात अडकवलेले दोन टोचे बर्फात रोवायचे, पाय पाण्यात पोहल्यासारखे मारत पोटावर बाहेर यायचे, आणि उभे न राहता लोळत दूर जायचे. हे टोचे फार स्वस्त मिळतात. मी ते कोटाच्या आत नव्हे तर बाहेर लटकवत असे, आणि ज्याच्याकडे ते नसतील त्याच्याबरोबर मी तळ्यावर गेलो नाही.

आता माशांकडे येतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. हिवाळ्याच्या तोंडावर वरचे पाणी गार होऊन खाली जात राहते, आणि सगळे तळे ४ अंशांवर आले की त्याहून गार झालेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते व गोठते. बर्फ तरंगतो, खालच्या पाण्याला कडाक्यापासून झाकतो, आणि मासे जगतात. हा नियम आपण सगळेच शाळेत शिकतो. त्याच्यावर उभे राहिल्यावर त्याच्याविषयी जी कृतज्ञता वाटते ती वेगळीच असते. मात्र इतक्या गार पाण्यात माशाचे सगळे व्यवहार मंदावतात. तो कमी खातो, आमिषासाठी लांब येत नाही, आणि हिवाळा सरत जातो तसतसा उथळ भागातला प्राणवायू कमी झाल्याने जागाही बदलतो.

खडकवासल्यावर आपण रोहू-कटल्यासाठी पेंड किंवा कोंड्याचा चारा टाकून एक जागा तयार करतो आणि मासा तिथे येण्याची वाट पाहतो. ती सवय त्या पाण्याला आणि त्या माशांना अगदी योग्य आहे, कारण रोहू हिंडत हिंडत चाऱ्यावर येतो. बर्फाखाली उलटे घडते. तिथे आपणच माशाकडे जावे लागते. म्हणून अनुभवी माणूस उतारावर, उथळाकडून खोलाकडे जाणाऱ्या रेषेत, आधीच दहा-बारा भोके पाडून ठेवतो, झाऱ्याने त्यातला बर्फाचा चुरा काढतो, आणि एकेका भोकात पंधरा-वीस मिनिटे गळ घालून काही लागले नाही तर पुढे सरकतो. सगळी भोके आधीच पाडण्याचे कारण असे की गिरमिटाच्या आवाजाने बुजलेले मासे तोवर पुन्हा स्थिरावतात. तिथल्या माशांपैकी ब्लूगिल हिरव्या उरलेल्या पाणवनस्पतींच्या आसपास सापडतात, क्रॅपी खोल पाण्यात अधांतरी तरंगत असतात, आणि पिवळे पर्च चिखलाच्या तळाशी अळ्या टिपत हिंडतात. पर्चसाठी शिसे तळावर हलकेच आपटून चिखलाचा लहानसा लोट उठवावा. तो पाहून ते चौकशीला येतात. वॉलाय हवा असेल तर पहाट आणि संध्याकाळ सोडू नये, कारण अंधुक उजेडात त्याची दृष्टी इतर माशांपेक्षा सरस असते.

मला सर्वांत अवघड गेले ते माशाचे लागणे ओळखणे. रोहूने गळ ओढला की रीळ ओरडते आणि जवळ बसलेल्या सगळ्यांना कळते. गार पाण्यातला ब्लूगिल आमिष तोंडात ओढतो आणि पटलेले नाही असे वाटताच थुंकून टाकतो. वर रॉडच्या टोकाशी जाणवते ते शिवणकामात सुईला धाग्याची गाठ क्षणभर अडखळावी तेवढेच. तेवढ्यासाठी दोन-अडीच फुटांचा लवचीक रॉड, अगदी बारीक दोरी आणि वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान गळ वापरतात. नवशिका गळ सतत नाचवतो. खरे तर तो थोडासा वर उचलून स्थिर सोडला की त्या स्थिरतेतच मासा घेतो, आणि गळ माशाच्या किंचित वर असावा लागतो, कारण हे मासे खालून वर पाहून भक्ष्य टिपतात. कधी कधी टोक खाली झुकण्याऐवजी दोरी एकाएकी सैल पडते. माशाने गळ घेऊन वर उचललेला असतो. हे पुस्तकात वाचून कळते, पण हाताला कळायला बर्फावर बसावेच लागते. फ्लॅशर नावाचे यंत्र ध्वनिलहरींनी खोली, आपला गळ आणि खाली आलेला मासा दाखवते, आणि ते उपयुक्त आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही पहिला हंगाम त्याच्याशिवाय काढावा असे मी सुचवतो, म्हणजे नजर पडद्यावर न राहता रॉडच्या टोकावर राहते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते आणि परत सोडला तरी तो बहुधा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात हवे तेवढे मासे मिळाले की गळ आवरावा. पकडून सोडण्याचा खेळ तिथे चालू ठेवू नये.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर सुती काहीही अंगाला लागू देऊ नये आणि भोके पाडताना घाम येऊ लागला की वरचा थर काढावा, कारण घामाने ओले झालेले अंग नंतर उणे वीस अंशांत गारठते. तंबूत शेगडी लावली तर हवा खेळती ठेवावीच लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साचतो. मासेमारीचा परवाना आधी काढावा.

पहिल्या हिवाळ्यासाठी पुण्याहून जाणाऱ्या मुलांनी काय घ्यावे, असे विचाराल तर पहार, टोचे, बुटांना लावायचे खिळेदार पट्टे, हाताने फिरवायचे गिरमिट आणि एक साधा रॉड एवढे पुरे. त्याआधी मात्र त्या तळ्याची माहिती असलेला माणूस शोधावा आणि त्याच्याबरोबरच जावे. विद्यापीठाच्या गावांत आणि आमिष विकणाऱ्या दुकानांत अशी माणसे सहज भेटतात आणि नवख्याला शिकवायला ती आनंदाने तयार असतात. मार्च उजाडला, दिवसा पाणी ठिबकू लागले आणि बर्फाला उभ्या कांड्यांसारख्या भेगा दिसू लागल्या, की जाडी फूटभर मोजली गेली तरी तळ्यावर जाऊ नये. तो बर्फ जाड असतो पण आतून सुटलेला असतो.