"गॅस सरला का, ताई?"

रात्री दोनच्या सुमारास बेंबीभोवती कळ उठली. जीव नकोसा करून ओसरायची, की पाच मिनिटांत पुन्हा. दोष संध्याकाळच्या भडंगावर गेला. सासूबाईंनी ओवा दिला, पोट शेकलं. पहाटे हिरवट उलटी झाली. त्या एरंडेल काढत होत्या, तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, "अगं, गॅस तरी सरलाय का?" कालपासून नव्हता. सांगलीतल्या विश्रामबागहून तडक मिरज गाठलं.

डॉक्टरांची नजर आधी माझ्या अपेंडिक्सच्या व्रणावर गेली. अकरा वर्षांपूर्वीचं ते ऑपरेशन मी विसरूनही गेले होते. उभं करून एक्स-रे काढला. फुगलेल्या आतड्यात पाण्याच्या आडव्या रेषा दिसत होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. सीटी स्कॅनमध्ये नक्की झालं: ऑपरेशननंतर पोटात चिवट पट्टे तयार होतात, त्यातल्या एकात लहान आतडं अडकलं होतं.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. लहान आतडं साधारण 6 मीटर लांब. ते अन्न जागच्या जागी घुसळतं आणि पुढंही सरकवतं. घासामागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो. सुरुवातीच्या भागात मिनिटाला 12 वेळा ते आकुंचन पावतं, शेवटाकडे 8-9 वेळा. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी एक लाट उरलंसुरलं झाडून नेते. वाट अडली तरी ते थांबत नाही, उलट आणखी जोर लावतं, म्हणून कळ येते आणि जाते. लाळ, जठररस, पित्त मिळून दिवसाला लिटरच्या लिटर पाणी आत उतरतं, ते मागं तुंबतं. अशा पोटात एरंडेल गेलं असतं तर? अजून अंगावर काटा येतो. कळ थांबेनाशी झाली किंवा ताप आला, तर रक्तपुरवठा तुटत असेल, मग ऑपरेशनला उशीर करायचा नाही, असंही त्यांनी बजावलं.

नाकातून नळी, हाताला सलाईन, तोंडाने थेंबही नाही. घसा सोलल्यासारखा झाला होता. पिशवीत हिरवं पाणी भरत राहायचं. सिस्टर दर फेरीला विचारायच्या, "गॅस सरला का, ताई?" पहिल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजींसमोर मी लाजले. दुसऱ्या दिवशी त्या आजीच विचारू लागल्या.

तिसऱ्या पहाटे पोटात गुडगुडलं, आणि सरला. मी बेल दाबली. सिस्टरांनी घड्याळ बघून वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं. आजी उठून बसल्या होत्या.

दुपारी नळी निघाली. संध्याकाळी सासूबाईंनी घरून मीठ घातलेली भाताची पेज आणली, मला चार चमचेच दिले, आणि उरलेली झाकून उशाशी ठेवली.