किकसाठी कायपण!

बाहेर पाऊस, घरात कुणाला हलायची इच्छा नाही. मग आज दुपारी 'तिल्लालंगडी' लावला. २०१० चा तमिळ सिनेमा, जयम रवी आणि तमन्ना. मूळ २००९ चा तेलुगू 'किक', रवी तेजाचा. सलमानचा २०१४ मधला 'किक' हाही त्याचाच हिंदी अवतार. गोष्ट पाठ होती, तरी उठवलं नाही.

यातला कृष्णा म्हणजे अवली कार्टं. सरळ मार्गाने जाणारं काहीच त्याला पचत नाही, नोकरीसुद्धा. थरार नसेल तर जगायचं कशाला, असा एकूण हिशेब. आपल्या घरात असता तर आईने लाटणंच काढलं असतं! इथे आईबाप सुहासिनी आणि प्रभू, त्यामुळे तो वाचला. आणि विनोदी नट वडिवेलू... तो पडद्यावर आला की सबटायटल वाचायचं राहूनच जातं, नुसता चेहरा बघायचा.

मध्यंतरानंतर मात्र पोलीस, चोऱ्या आणि आजारी मुलांच्या उपचारांचा खर्च येतो, आणि मजा जरा पातळ होते. टवाळ माणसाला टवाळ राहू द्यायला आपल्याकडे कुणी धजत नाही बहुतेक. गंमत म्हणजे पोलीस अधिकारी झालेला शाम तेलुगू आणि तमिळ दोन्हीत तोच!

दिग्दर्शक एम. राजा हा जयम रवीचा सख्खा भाऊ. २००३ चा 'जयम', ज्यावरून रवीला हे नाव चिकटलं, तोही या भावांनी केलेला तेलुगूचा रिमेकच.

माझं मत रवी तेजालाच. सलमानवाल्यांनी कमेंटमध्ये यावं, संध्याकाळी भांडायला मोकळा आहे.