कूलर चावते

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक तापायचे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरला माझं कूलर दुरुस्ती आणि मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मे महिन्यात त्यात पाय ठेवायला जागा नसते आणि फोन सकाळी सहापासून सुरू होतात. त्या दिवशीचा पहिला फोन पूर्णेकाठच्या एका गावातून आला. "एसी बसवाचा हाय. पुण्याचा भाऊ पैसे पाठवते. तुम्ही येऊन जागा पाहून घ्या. अन् तो कूलरही पाहजा, गरम हवा फेकते."

अकरा वाजता पोचलो. रस्त्यानं दोन्ही बाजूंना काळी रानं उलून पडलेली, भेगांत हात जाईल इतकी. घर नवं होतं. जुनं धाब्याचं, मातीच्या छताचं, पाडून स्लॅबचं बांधलेलं. धाब्याच्या घरात मे महिन्यात दुपारी झोप लागायची, हे त्या घरातला प्रत्येक जण मला एकेकदा सांगून गेला. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत आत उष्णता सोडत राहतो.

एसीचं काम दहा मिनिटांत निपटलं. बोर्डात मीटर लावला तर व्होल्टेज 230 च्या जागी 172. दुपारी गावातले सगळे पंखे-कूलर सुरू झाले की आणखी उतरणार. दीड टनी एसी साधारण दीड हजार वॅट ओढतो, कूलर दीडशे ते दोनशे. "एवढ्या व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर टिकाचा नाही, स्टॅबिलायझरचा खर्च वेगळा," असं मी धाकट्या भावाला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. माझंही गिऱ्हाईक गेलं, पण तीन महिन्यांनी शिव्या खाण्यापेक्षा हे बरं.

मग कूलर. लोखंडी पत्र्याचा, खिडकीत बसवलेला. तो सुरू करून जाळीसमोर थर्मामीटर धरला तर 37 अंश. बाहेर 44 होतं. आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या चांगल्या ओल्या गवती ताट्यांतून ती 28-29 पर्यंत खाली यायला हवी. पाणी हवेत उडताना उष्णता घेऊन जातं, कूलरचा सगळा खेळ एवढाच. त्याच कारणानं मृग बरसला की कूलर निकामी होतो आणि लोक मला म्हणतात, "तुमचा पंप बिघडला."

इथं दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे झळ येते म्हणून समोरचं दार गच्च लावलेलं. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाटच नाही, त्यामुळे खोली दमट होत जाते आणि अंग चिकचिकतं. दुसरी म्हणजे ताट्या. हा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. गोडं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं, ते कूलरमध्ये कोण ओतणार? बोअरचं पाणी टाकतात. पाणी उडून जातं, खार मागं राहतो. त्या ताट्यांचं गवत पापडासारखं कडक, पांढरं झालं होतं. म्हणून मी या भागात कोणाला महागडे, मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे हनीकोंब पॅड सुचवत नाही. दोन उन्हाळ्यांत त्यांची भोकं बुजतात. गवताची ताटी दर वर्षी फेकता तरी येते.

ताटी काढून दाखवावी म्हणून मी हात पुढं केला, तशी कोपऱ्यात बसलेली आजी ओरडली. "थांब बापू! चप्पल घाल पायात. कूलर चावते तो."

धाकटा हसला. "आईचं हे महिन्यापासून सुरू हाय. हाताले मुंग्या येतात तिच्या, अन् नाव कूलरचं. मी स्वतः हात लावून पाह्यला, काहीच नाही."

खरं सांगतो, मीही हसलो. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला मुंग्या येतातच. पण मग खाली पाहिलं. चपला मी दाराबाहेर काढलेल्या, फरशी सांडलेल्या पाण्यानं ओली, आणि कूलरसमोर जेवायचा लाकडी पाट ठेवलेला. आजी त्या पाटावर उभी राहून, रबरी स्लिपर घालून, प्लास्टिकच्या मगानं पाणी भरायची. नातवाला कूलरजवळ आला की रट्टा. घरातल्यांना तो म्हातारपणाचा चळ वाटत होता. मी बावीस वर्षं हे काम करतो. मला कोणी विचारलं असतं, तर मीही पाट आणि रबरी चप्पलच सांगितली असती.

टेस्टर लावला. लाल. टेस्टर कधी कधी उगाच पेटतो, म्हणून पिशवीतला झिरोचा बल्ब काढला, एक वायर न्यूट्रलला, दुसरी कूलरच्या पत्र्याला. बल्ब मंद पेटला. हसणारा धाकटा दोन पावलं मागं सरकला. झिरोचा बल्ब तेवढा पेटायला जितका करंट लागतो, तितका ओल्या पायांच्या माणसाचा जीव घ्यायला पुरतो.

मग त्याला का चावला नाही? मी प्लग उपसून उलटा खोचला आणि पुन्हा बल्ब लावला. बंद. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. एका बाजूनं बसला की खराब वायर फेजवर, म्हणजे करंटच्या तारेवर, दुसऱ्या बाजूनं बसला की न्यूट्रलवर. म्हणून कूलर कधी चावायचा, कधी नाही, आणि म्हणून तिचं कोणाला खरं वाटत नव्हतं.

प्लग काढून टाकी रिकामी केली, पंप वर घेतला. वायर पंपात शिरते तिथलं रबर तडकलेलं, तांबं हिरवं पडलेलं. खारं पाणी, त्यात करंट चांगलाच खेळतो. पंप उलटा केला तर बुडाशी काळ्या मार्करनं तारीख होती. अक्षर माझं. मी बदललेला प्रत्येक पंप तसा लिहून ठेवतो, गॅरंटीच्या भांडणासाठी.

दोन वर्षांपूर्वी मीच आलो होतो या घरी. धाब्याच्या घरात तीन पिनांचा बोर्ड नव्हता. कूलरच्या वायरमधला हिरवा तार, गळलेला करंट जमिनीत नेणारा अर्थिंगचा, मीच कापून टेप गुंडाळली होती आणि दोन पिनांचा प्लग लावला होता. घाईचा दिवस होता, चाळीस रुपये मजुरी.

बोलू की नको, असं एक मिनिट झालं. मग सांगितलं. धाकटा काही बोलला नाही. आजी म्हणाली, "मंग आता नीट करून दे. अन् मले येडी म्हनू नका कोनी."

संध्याकाळपर्यंत तिथंच होतो. नव्या घरातल्या बोर्डाला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागं वायरच नव्हती. न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं, बारमाही ओल असते म्हणून, जीआय पाइप ठोकला. कोरड्या काळ्या मातीत मे महिन्यात अर्थिंग नावापुरतंच उरतं. फेज आणि पाइप यांच्यात शंभराचा बल्ब लावला, लख्ख पेटला, तेव्हा हिरवा तार जोडला. नवा पंप, नव्या ताट्या, तीन पिनांचा प्लग. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, दुसऱ्या दिवशी येऊन बसवला. टाकी दर तीन दिवसांनी पूर्ण उपसायची आणि पाणी भरताना प्लग काढायचा, हे नातवाकडून दोनदा वदवून घेतलं. दार वीतभर उघडं ठेवलं. जाळीसमोर 29. मजुरी घेतली नाही, सामानाचे तेवढे घेतले.

निघताना आजीनं पाट उचलला नाही. मीही उचला म्हटलं नाही.

रात्री दुकानात जुनी वही काढली. दोन पिनांचा प्लग लावून दिलेली घरं आठवून आठवून खुणा केल्या, 31 निघाली. मृगापर्यंत त्यातली 19 नीट करून झाली. बाकीच्यांचे कूलर आता ताडपत्रीखाली गेलेत, फोन केला की म्हणतात, "आता कायले, पुढच्या उन्हाळ्यात पाहू." त्या बारा नावांचा कागद मी गल्ल्याच्या काचेखाली ठेवला आहे.