शांत राहायचं असेल तर आधी क्वांटिटी बघा

शेअर बाजार उधळलेला असताना तुम्ही डोकं शांत कसं ठेवता? तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. विचारणाऱ्यांना बहुधा ध्यानधारणेचा एखादा प्रकार ऐकायचा असतो. पण पोझिशनच (हातात असलेला सौदा) झेपण्यापलीकडची असेल तर दीर्घ श्वास कितीही घ्या, बोट 'सेल'वर जाणारच. शांत राहणं बरंचसं क्वांटिटीवर, म्हणजे किती शेअर घेतले यावर, अवलंबून असतं, आणि क्वांटिटी ठरते सौदा घेण्याआधी.

एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त गमवायचं नाही. भांडवल १०,००,००० असेल तर मर्यादा १०,०००. मग एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज) बघायचा. तांत्रिक विश्लेषक वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे माप भाव दिवसाला सरासरी किती हलतो ते सांगतं. सहसा १४ दिवसांचं घेतात. एटीआर १२ आहे आणि स्टॉप लॉस (भाव तिथे पोहोचला की तोट्यातल्या सौद्यातून बाहेर काढणारी ऑर्डर) त्याच्या दुप्पट, म्हणजे २४ अंतरावर आहे, असं धरा. १०,००० भागिले २४, म्हणजे ४१६ शेअर. बाजार बिथरून एटीआर ३० झाला, तर स्टॉप ६० वर जातो आणि क्वांटिटी १६६ वर येते.

बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. एटीआर वाढला तरी ते ४१६ सोडत नाहीत, आणि धोका वाढू नये म्हणून स्टॉप मात्र २४ वरच ठेवतात. दिवसाची नेहमीची हालचालच ३० असताना २४ चा स्टॉप टिकणार कसा? दिशा बरोबर असूनही तो हिट होतो आणि भाव लगेच परत फिरतो. असं दोनतीनदा झालं की माणूस चिडून स्टॉप लावणंच सोडतो. मग सगळे म्हणतात, मनावर ताबा नाही. खरं तर भागाकार चुकलेला असतो.

१ टक्काच का? ओळीने दहा सौदे चुकले तरी भांडवल साधारण ९.६ टक्के घटतं. दर सौद्यात ५ टक्के पणाला लावलेत तर तेच ४० टक्के, आणि ते भरून काढायला ६७ टक्के नफा लागतो. दहा लांब राहिले, पण १०० पैकी ४० सौदे जिंकणाऱ्या पद्धतीत पुढचे पाचही सौदे तोट्यात जाण्याची शक्यता जवळपास ८ टक्के असते. हे ठाऊक असलं की पाचव्या तोट्यानंतर पद्धत बदलावीशी वाटत नाही.

स्टॉप सिस्टिममध्ये टाकलेलाच हवा; मनातला स्टॉप ऐनवेळी सरकतो. लिमिट स्टॉपमध्ये (ठरवलेल्या मर्यादेतल्या भावालाच विकणारा) भाव उडी मारून पुढे गेला तर ऑर्डर पडून राहते. मार्केट स्टॉपमध्ये (मिळेल त्या भावाला विकणारा) सुटका होते, पण भाव वाईट मिळू शकतो. घसरत्या बाजारात सुटका महत्त्वाची. गॅप पडला, म्हणजे भाव मधले भाव गाळून एकदम उडी मारून उघडला, तर मात्र ठरवलेल्या भावाला कुठलाच स्टॉप बाहेर काढत नाही, म्हणून लिव्हरेज घेतलेली, म्हणजे उसन्या पैशावरची, पोझिशन रात्रभर ठेवायची तर निम्मी करून ठेवावी.

आणि स्क्रीन. दर पाच मिनिटांनी भाव पाहिलात तर जवळपास निम्म्या वेळा लाल दिसणार. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्व्हर्स्की यांच्या १९९२ च्या अंदाजानुसार तोटा तेवढ्याच नफ्याच्या सव्वादोन पट जाणवतो. म्हणजे जागचा न हललेला भावही दिवसभर छळतो. स्टॉप आणि टार्गेटवर (नफा घेऊन बाहेर पडायचा भाव) अलर्ट लावा नि स्क्रीन बंद करा. दिवसात भांडवलाचे ३ टक्के गेले तर सौदे टाकायचं टर्मिनलही बंद. पुढचा सौदा त्याच दिवशी वसुलीसाठी घेतला जातो, आणि त्याची क्वांटिटी हमखास वाढलेली असते.