चादरीचा कोपरा

लहानपणी आत्याकडे सुट्टीत राहायला गेलं की एक नियम होता, सकाळी पलंग आवरून झाला की त्याच्यावर कुणी बसायचं नाही. आत्या सरकारी हॉस्पिटलात नर्स, आणि घरचा पलंगसुद्धा वॉर्डातला असल्यासारखाच करायची. चादर झटकून अंथरली, पायाशी खोचली, मग बाजूची कड वर उचलून तिचा त्रिकोण गादीवर टाकला, खाली लोंबणारं टोक गादीखाली खुपसलं, त्रिकोण परत खाली सोडला आणि तोही आत. पाच-सहा सेकंदाचं काम, पण कोपरा असा व्हायचा की पोस्टाचं पाकीट. आम्ही विचारायचो, आत्या एवढं कशाला गं, तर म्हणायची सुरकुती राहिली की बेडसोअर होतो, पडून पडून जखम. आम्ही म्हणायचो पण आम्ही कुठे आजारी आहोत, तर म्हणायची मग बाहेर जाऊन खेळा.

मॅकिंटॉश हा शब्द मी कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी तिच्याकडून ऐकलाय. चादरीवर आडवं रबरी मॅकिंटॉश, म्हणजे ओल गादीपर्यंत जाऊ नये म्हणून घालायचं कापड, त्याच्यावर ड्रॉ शीट, म्हणजे आडवी छोटी चादर. माझ्या धाकट्या भावाच्या अंथरुणात हे सगळं असायचं, का ते सांगत नाही, तो आता बँकेत मोठा साहेब आहे.

दोन वर्षांपूर्वी तिचा माळा आवरताना तिची ट्रेनिंगची वही सापडली. पिवळी पडलेली, निळी शाई, समास आखलेले. नर्सिंगचा इतिहास या धड्यात नाइटिंगेलबाईंना दीड पान आणि त्याच्याखाली एकच ओळ, इसाबेल हॅम्प्टन रॉब, अमेरिका, एज्युकेशन. लाल पेन्सिलने अधोरेखित. परीक्षेला येईल म्हणून केलं असणार. पण ते एका ओळीतलं नाव माझ्या डोक्यात अडकून बसलं आणि मग मी रात्री झोप येईना तेव्हा तिच्याबद्दल वाचत बसले, अजूनही वाचतेय.

ही मुळात अमेरिकेची नाहीच, कॅनडातल्या ओंटारिओची, वेलंड नावाच्या गावची. आधी शाळामास्तरीण होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे जे जे केलंन त्यात नर्स थोडी आणि मास्तरीण जास्त दिसते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात १८८३ मध्ये ट्रेनिंग पूर्ण केलं, मग रोममध्ये परदेशी प्रवाशांची शुश्रूषा करायला दोनेक वर्षं, आणि १८८६ मध्ये शिकागोच्या इलिनॉय ट्रेनिंग स्कूलची प्रमुख.

आता तेव्हाचं नर्सिंग स्कूल म्हणजे काय होतं ते बघा. नाव स्कूल, पण हॉस्पिटल चालायचंच मुळी शिकणाऱ्या पोरींच्या जिवावर. शिकून बाहेर पडलेल्या नर्सेस लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळायच्या आणि वॉर्डात राबायच्या त्या विद्यार्थिनी, दिवसाचे बारा-बारा तास, आणि त्यातूनच वेळ काढून डॉक्टर येऊन लेक्चर देणार, तेही त्यांना सवड झाली तर. वर कहर म्हणजे या पोरींना खाजगी घरी पेशंटकडे पाठवून त्याचे पैसे शाळा घ्यायची. हॅम्प्टनबाईंनी शिकागोत ते बंद केलं. आणि वर्ग पाडले, म्हणजे पहिल्या वर्षी हे शिकायचं, ते आलं की पुढचं. आपल्याला वाटतं यात काय मोठं, शाळा म्हटली की पहिली-दुसरी असणारच. पण कुणीतरी पहिल्यांदा म्हणावं लागतं ना, की बायांनो ज्या पोरीला अजून नाडी मोजता येत नाही तिला रात्रभर अख्ख्या वॉर्डावर एकटी ठेवू नका.

१८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या नर्सिंग स्कूलची पहिली प्रमुख हीच, वय जेमतेम तीस. (त्याच हॉस्पिटलात आणखी एक हॅम्प्टन होती, कॅरोलाइन, ऑपरेशन थिएटरची नर्स. जंतुनाशकाने तिच्या हातांची सालपटं निघायला लागली म्हणून सर्जन हॅल्स्टेडनी रबर कंपनीकडून पातळ ग्लोव्हज करवून घेतले आणि नंतर तिच्याशी लग्नही केलं. आज प्रत्येक थिएटरात जे ग्लोव्हज असतात त्यांच्या गोष्टीत ही प्रेमकथा आहे. आमची हॅम्प्टन वेगळी, नात्यातलीही नाही, पण मी आधी दोघींची खिचडी केली होती.)

हॉपकिन्समध्ये असतानाच तिने ते जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं, ‘नर्सिंग : इट्स प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस’, जे पुढे कितीतरी वर्षं ट्रेनिंग स्कूलमध्ये चाललं. दिवसभर हॉस्पिटल सांभाळून लिहिलेलं पुस्तक. अंथरूण, आंघोळ, खोलीतली हवा, ताप-नाडी-श्वास, म्हणजे आत्याच्या वहीतला टीपीआर. जे काम एरवी ‘बायकांना येतंच की’ म्हणून सोडून दिलं असतं ते तिने धडे पाडून शिकवायच्या लायकीचं केलं, आणि मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं काम हेच. संस्था वगैरे नंतर.

संस्थाही काढल्याच म्हणा. १८९३ मध्ये शिकागोत ते जागतिक प्रदर्शन भरलं होतं, ज्याच्या धर्मपरिषदेत सप्टेंबरमध्ये विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने जूनमध्ये नर्सेसची परिषद झाली आणि ती हिने भरवली. हिचं म्हणणं सरळ होतं, आज ‘ट्रेंड नर्स’, म्हणजे ट्रेनिंग घेतलेली नर्स, या शब्दाला काही अर्थच नाही, प्रत्येक हॉस्पिटलची आपापली तऱ्हा, तर अभ्यासक्रम एकसारखा करा, तीन वर्षांचा करा, आणि ड्युटी आठ तासांवर आणा. हॉपकिन्समध्ये तीन वर्षं आणि आठ तास हे दोन्ही झालं, पण तिच्यानंतर आलेल्या अॅडलेड नटिंगच्या हातून.

कारण १८९४ मध्ये तिने लग्न केलं. डॉक्टर हंटर रॉब, हॉपकिन्सचेच. आणि लग्न केलं म्हणजे खुर्ची सोडायची, ठरलेलंच. डॉक्टरसाहेबांची प्रॅक्टिस अर्थातच चालू राहिली. लग्न लंडनमध्ये झालं आणि तिच्या हातातला फुलांचा गुच्छ फ्लॉरेन्स नाइटिंगेलने पाठवला होता. गंमत अशी की नर्सेसची परीक्षा घेऊन रजिस्टरात नाव घालायचं हे म्हाताऱ्या नाइटिंगेलबाईंना बिलकुल पसंत नव्हतं, चांगुलपणाची कसली परीक्षा घेता असं त्यांचं म्हणणं, आणि हॅम्प्टनबाई नेमक्या त्याच रजिस्ट्रेशनच्या बाजूच्या. तरी गुच्छ आला. आमच्याकडे मतं जुळली नाहीत तर लग्नाला येत नाहीत लोक.

खुर्ची गेली पण बाई थांबली नाही. क्लीव्हलंडला संसार, दोन मुलं, आणि त्यातच अमेरिकेतल्या नर्सेसच्या देशव्यापी संघटनेची पहिली अध्यक्ष, आणखी दोन पुस्तकं, त्यातलं एक १९०० मधलं नर्सेसच्या नीतिनियमांवरचं. १९१० च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडच्या रस्त्यावर ट्रामच्या अपघातात गेली. पन्नाशीची. गुच्छ पाठवणारी नाइटिंगेल तेव्हा नव्वदीला टेकलेली, अंथरुणात, ती त्यानंतर चार महिन्यांनी गेली.

हे सगळं मी आत्याला सांगितलं ते गेल्या पावसाळ्यात, ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून. तिला त्या ट्रामचं फार वाईट वाटलं, दोनदा विचारलंन मुलं केवढी होती गं. मग एक कोवळी सिस्टर चादर बदलायला आली. आत्या कुशीवर, अर्धी चादर गुंडाळत पाठीशी सरकवायची, नवी अर्धी अंथरायची, मग पेशंट दुसऱ्या कुशीवर, अशी ती पद्धत. पोरीने कोपरा भराभर कसातरी कोंबला. मी आत्याकडे बघितलं, म्हटलं आता बोलणार ही.

“ड्युटी किती तासांची गं तुझी?”

“बाराची, आजी. आज जोडीला कुणी आलंच नाही, म्हणून थोडं जास्तच.”

आत्या काही बोलली नाही. पोरगी ट्रे घेऊन दुसऱ्या पलंगाकडे गेल्यावर मला म्हणाली, ऊठ, आणि मग मला पडल्या पडल्या सांगत राहिली, वर उचल, त्रिकोण टाक, खालचं आधी खुपस, तसं नाही गं, हळू, तिला ऐकू जाईल.