सिरीज लॅम्प ते मूग: आमची वाटचाल

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आठ फूट बाय दहा. शाळा सुटली की मी थेट तिथे. दुरुस्तीला आलेला सेट बाबा कधीच सरळ मेनला लावत नसत, आधी सिरीज लॅम्पवर, म्हणजे मधे एक दिवा जोडून. दिवा भक्कन पेटला तर आत शॉर्ट, मंद राहिला तर पुढे जायचं. "आधी नाकानं बघ, मग डोळ्यानं. मीटर सगळ्यात शेवटी," असं ते म्हणायचे. आज अमेरिकेत, बफेलोतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पन्नास वर्षांचा मॉड्युलर सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारं, सुट्या भागांचं वाद्य) आला की तोही पहिल्यांदा सिरीज लॅम्पवरच लागतो.

इथे मी एमएस करायला आलो आणि वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत टेस्ट बेंचवर बरीच वर्षं काढली. ते युनिट बंद पडलं तेव्हा घरच्या तळघरात दुरुस्ती सुरू केली. आधी अॅम्प्लिफायर, टेप डेक, मग ऑर्गन. एक दिवस एका कॉलेजच्या संगीत विभागातून फोन आला, की आमच्याकडे मूग कंपनीचा जुना सिंथेसायझर धूळ खात पडलाय, बघता का.

बफेलोत असा फोन येण्याला कारण आहे. रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्याबरोबर १९६४ मध्ये पहिला मॉड्युलर सिंथेसायझर घडवला तो याच न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावात. पुढे १९७१ मध्ये त्यांची कंपनी बफेलोला खेटून असलेल्या विल्यम्सव्हिलला आली. म्हणजे हे वाद्य इथल्याच मातीतलं.

मॉड्युलर म्हणजे एकसंध वाद्य नव्हे. सूर काढणारा ऑसिलेटर वेगळा, आवाज गाळणारा फिल्टर वेगळा, चढउतार सांभाळणारा अॅम्प्लिफायर वेगळा. कोणाचा आवाज कुठे न्यायचा ते वाजवणाऱ्याने केबलने ठरवायचं. त्यामुळे 'वाजत नाही' या तक्रारीला इथे काहीच अर्थ नसतो. काय कशाला जोडलं होतं, हे विचारल्याशिवाय आम्ही झाकण उघडत नाही.

त्या पहिल्या कामात माझी मोठी चूक झाली. मूगचा ९०४ए हा लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा, वरचे अडवणारा) फिल्टर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या. त्यातली एक जोडी गेली होती. मी उत्साहाने सगळेच ट्रान्झिस्टर नवे घातले. फिल्टर चालला, मी खूश. आठवड्यात कॉलेजचे सर ते घेऊन परत आले. फिल्टर झपकन उघडला की आवाजामागे 'धप्' असा ठोका यायचा. शिडीच्या दोन्ही बाजू जुळलेल्या नसल्या की फिल्टर उघडणारं-मिटणारं कंट्रोलचं व्होल्टेज आवाजात घुसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातानं कळायचं राहिलं होतं.

मग जुळत्या जोड्या काढायला दीडशे ट्रान्झिस्टर आणले आणि एकेक मोजायला बसलो. आकडे काही केल्या स्थिर होईनात. पहिल्यांदा ५९८ मिलिव्होल्ट, लगेच पुन्हा मोजला तर ५९१. ते लक्षात आलं माझ्या बायकोच्या. ती शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होती. म्हणाली, "अरे, तू तो बोटात धरतोयस, तो गरम होतोय." अगदी खरं होतं. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज (मी मोजत होतो ते, त्याच्या दोन पायांमधलं) दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतं, आणि बोटाची ऊब त्याला भरपूर होते. तेव्हापासून चिमट्याने लावायचा, हात बाजूला, दोन मिनिटं थांबायचं, मग वाचायचं. एक मिलिव्होल्टच्या आत जुळले तरच जोडी. ते काम आजही तीच करते. जोड्या लहान पाकिटांत, पाकिटावर तिच्या अक्षरात आकडा आणि तारीख. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठली म्हणाल, तर पाकिटांचा तो खण.

ऑसिलेटर सुरात आणणं हे त्याहून नाजूक. मूगच्या पद्धतीत १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक, म्हणजे एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत सुमारे ८३ मिलिव्होल्ट. पण आत ट्रान्झिस्टरपाशी पोचेपर्यंत त्या अख्ख्या सप्तकाचे जेमतेम १८ मिलिव्होल्ट उरतात, लगतच्या स्वराला दीड! वर सांगितलेले दर अंशाला २ मिलिव्होल्ट आठवा, म्हणजे सूर का सरकतो ते कळेल. त्यावर उपाय म्हणून एकाशेजारी एक दोन ट्रान्झिस्टर असतात, दोघे एकत्र तापावेत म्हणून. तरी जुने ९०१ ऑसिलेटर हटवादीच. नंतरचे ९२१ पुष्कळ स्थिर. आम्ही वाद्य दोन तास चालू ठेवतो, खोली २१ अंशांवर, दार बंद. बाहेर चार फूट बर्फ असलं तरी त्या वेळात कोणी आतबाहेर करायचं नाही.

सिंथेसायझरच्या बाकीच्या घराण्यांचे, म्हणजे कंपन्यांचे, स्वभाव वेगळे. एआरपी २६०० मधली काही सर्किटं इपॉक्सीत (घट्ट झालेल्या राळेत) गाडलेली असतात, आत हात घालायची सोय नाही. लंडनच्या ईएमएसच्या व्हीसीएस-३ मध्ये केबलऐवजी पिना खोचायच्या असतात आणि प्रत्येक पिनेच्या पोटात रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) असतो. पीन हरवली म्हणून कोणी साधी तार खोचली की हिशेब बिघडतो.

गिऱ्हाईक अनेकदा म्हणतं, सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) बदलून टाका. आम्ही तसं करत नाही. पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात, ते बदलतो. आवाजाच्या वाटेवरचा पार्ट मोजून ठीक निघाला तर तो राहतो. काढलेला प्रत्येक पार्ट पाकिटात घालून परत देतो, कारण उद्या दुसऱ्या कारागिराला मूळ काय होतं हे कळायला हवं. यामुळे काही कामं आमच्या हातून गेली. जाऊ देत.

इथे राहून एक गोष्ट फार उशिरा कळली. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूगचा स्टुडिओ उभा करून दिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई या संगीतकारांनी त्यावर काम केलं. बाबा पुण्यात रेडिओचे व्हॉल्व्ह बदलत होते तेव्हा हे यंत्र रात्रभराच्या प्रवासावर वाजत होतं, आणि आमच्या गल्लीत कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मला त्याची हळहळ वाटते.

बाबा एकदा सहा महिने आमच्याकडे राहून गेले. रोज सकाळी वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसायचे. एका कॅबिनेटमधून बारीक हम, म्हणजे विजेची घुमघुम, येत होती आणि मी केबली तपासत होतो. बाबा डोळे मिटून ऐकत म्हणाले, "इथली हम वरच्या पट्टीत आहे रे. आपल्याकडच्या हमचा सा धरला, तर ही कोमल गंधार." मी कागदावर मांडून बघितलं. आपली वीज ५० हर्ट्झ, इथली ६०. गुणोत्तर ६:५, नेमका कोमल गंधार. साठ वर्षं हम ऐकलेला कान होता तो.

मग त्यांनीच +१२ व्होल्टच्या लाइनवरच्या फिल्टर कंडेन्सरकडे बोट दाखवलं. टोपीशी किंचित फुगला होता. मी तो काढला, पाकिटात घातला, आणि पाकिटावर तारीख बाबांनी घातली.